धाराशिवचा ‘श’

गावाचे नाव बदलले की सर्वांत आधी पेंटरला बोलावणे जाते, असे एके काळी म्हणता आले असते. आता बोलावणे फ्लेक्सवाल्याकडे जाते. तो संगणकावर नाव टंकतो, पडद्यावर जो फाँट आधीपासून निवडलेला असतो त्यातच ते उमटते आणि तासाभरात आठ फुटी पाटी गुंडाळून ग्राहकाच्या हाती पडते. उस्मानाबादचे धाराशिव झाले तेव्हा बव्हंशी असेच झाले. जून २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नामांतराचा निर्णय घेतला. सरकार बदलल्यावर जुलैमध्ये तोच निर्णय पुन्हा घेतला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने शहराच्या नावाला संमती दिली आणि सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचे व तालुक्याचेही नाव अधिकृतपणे बदलले. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या बदलाविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, पुढे सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला आणि २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाच्या फलकावर नवे नाव आले. इतक्या पायऱ्यांवर, इतक्या जाणत्यांनी, बाजूने आणि विरुद्ध, ज्या चार अक्षरांचा कीस काढला, ती चार अक्षरे प्रत्यक्षात कशी दिसावीत असा प्रश्न कोणी विचारल्याचे मात्र आमच्या वाचनात आलेले नाही.

नावाची कोणती बाजू खरी, हा या लेखाचा विषय नाही. एका नावात कित्येकांचे बालपण असते आणि दुसऱ्यात कित्येकांचा इतिहास. त्याचा न्याय करण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. अक्षरे मांडण्याच्या व्यवसायात आयुष्याचा बराच काळ गेल्यामुळे आम्हांला पडलेला प्रश्न अधिक लहान आहे आणि आमच्या मते तितकाच गंभीर आहे. गावाची ओळख म्हणजे नेमके काय? ती नावात असते, चिन्हात असते, की ते नाव आणि ते चिन्ह पुन्हा पुन्हा उमटवणाऱ्या हातांत असते? हल्ली या साऱ्याला ‘ब्रँडिंग’ असा एकच शब्द वापरण्याची रीत पडली आहे. त्या शब्दाचा गाजावाजा होण्यापूर्वी या एका जिल्ह्याने आपली ओळख कशी घडवली, याचा इतिहास पाहिला तर प्रश्नाचे उत्तर शोधणे सोपे जाईल असे वाटते.

‘ब्रँड’ या शब्दाच्या मुळाशी जाळणे आहे. गुराच्या कातड्यावर तापल्या लोखंडाने उमटवलेली मालकाची खूण म्हणजे ब्रँड. मराठीत त्या कृतीला ‘डागणे’ असे नेमके क्रियापद आहे. पण आपल्या बाजारपेठेने उचलला तो शब्द ‘छाप’. घोडा छाप, मोर छाप, वाघ छाप. ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपला माल ओळखता यावा, ही त्यामागची सोय. छाप हा शब्द मोठा प्रामाणिक आहे. त्यात उमटवण्याची क्रिया आहे, आणि उमटवणे एकदा करून भागत नाही. ते वारंवार, सारखेच आणि चुकता न करता करावे लागते. मोहोर एकदा कोरली जाते, शिक्का हजारदा मारला जातो. आमच्याकडे येणारा ग्राहक पहिल्याच बैठकीत ‘लोगो’ मागतो, म्हणजे तो मोहोर मागत असतो. शिक्के कोण मारणार, याचा विचार त्याच्या मनात नसतो, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा आमच्याही नसतो.

गंमत अशी की या जिल्ह्याची सर्वांत दूरवर पोहोचलेली छाप चार पायांवर चालते. उस्मानाबादी शेळी ही बहुतेककरून काळ्या रंगाची, काटक, कमी पावसाच्या मुलखात तग धरणारी, बरेचदा जुळी करडे देणारी जात. तिच्या मांसासाठी आणि दुधासाठी तिला महाराष्ट्राबाहेरही मागणी असते. पशुवैद्यकाच्या पुस्तकांत आणि देशाच्या नोंदणीकृत पशुजातींच्या यादीत ती याच नावाने आहे. जिल्ह्याचे नाव बदलले, शेळीचे बदलले नाही, आणि बाजारात तिला अजूनही त्याच नावाने हाक मारतात. या शेळीला ना चिन्ह आहे ना घोषवाक्य. पिढ्यानपिढ्या शेतकऱ्यांनी ज्या गुणांसाठी तिची निवड केली, ते गुण हीच तिची छाप. नाव त्या गुणांना नंतर चिकटले, आणि असे चिकटले की राजपत्रालाही ते सहजी सोडवता येणार नाही. ब्रँडिंगच्या पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर घालावे असे हे उदाहरण आहे.

याहून मागे जायचे तर तेरला जावे लागते. तेरणेच्या काठावरचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणबरोबर तगरचे नाव येते, आणि तिथून भडोचच्या बंदराकडे गाड्यांनी जाणाऱ्या मालात साध्या जाडसर कापडापासून तऱ्हेतऱ्हेच्या तलम वस्त्रांपर्यंत उल्लेख येतात. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीतील पाँपेईच्या राखेखालून निघालेली हस्तिदंती मूर्ती यांतील साम्याची चर्चा अभ्यासक करत आले आहेत. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर गोळा केलेल्या वस्तूंतून तिथले वस्तुसंग्रहालय उभे राहिले. ते पाहताना एक गोष्ट लक्षात येते. मातीच्या भाजलेल्या मूर्ती, मणी, मुद्रा, खापरे यांत कुठेही ‘तगरची खास शैली’ अशी घोषणा नाही. पण केसांची रचना, कानातला दागिना, ओठांची ठेवण यांत एकाच गावच्या हातांची सवय दिसते. परदेशी व्यापाऱ्याला तगर या नावाचा अर्थ ठाऊक नसेल. हात लावून कापड ओळखता येत असले की त्याचे काम भागत होते.

त्यानंतरच्या शतकांत या प्रदेशावर अनेक सत्ता आल्या, आणि प्रत्येकीने आपली मोहोर आणली. जिल्ह्याचे ठाणे पूर्वी नळदुर्गला होते. १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि १८६० मध्ये तो त्याला परत मिळाला. त्या करारमदारांच्या इंग्रजी कागदांत ‘धाराशिव’चे रूप ‘धारासिओ’ असे काहीसे झालेले दिसते. म्हणजे रोमन लिपीत गेल्यावर या नावातला ‘शिव’ एकदा हरवलेलाच होता. पुढे विसाव्या शतकात सातवा आणि अखेरचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून गाव उस्मानाबाद झाले. आसफजाही सत्तेचे चिन्ह मोठे लक्षणीय होते: पिवळ्या निशाणावर एक पांढरा गोल, म्हणजे कुलचा. पहिल्या निजामाने एका सूफी संताकडे सात कुलचे खाल्ले आणि संताने सात पिढ्यांच्या राज्याचा आशीर्वाद दिला, अशी दंतकथा त्यामागे सांगतात. राज्यचिन्ह म्हणून भाकरीची निवड करणारे राजघराणे विरळाच. आकार साधा, रंग दोनच, गोष्ट लहान मुलालाही सांगता येण्याजोगी. आजच्या कोणत्याही संकल्पनकाराला हेवा वाटावा असे ते चिन्ह होते. तरीही ते राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपले, आणि उत्तम चिन्ह वाईट कारभाराला वाचवू शकत नाही हा धडा मागे ठेवून गेले.

अक्षरांच्या दृष्टीने त्या राज्याची एक बाजू मात्र विसरू नये. १९१८ पासून निघालेल्या हैदराबाद संस्थानाच्या चलनी नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजीतही किंमत लिहिलेली असे. दरबाराची भाषा उर्दू होती, शिक्षणात आणि कारभारात मराठीची कुचंबणा होती, ती मराठवाड्याच्या पुढच्या लढ्याचे एक कारण बनली, हे खरेच. पण नोटेवर, कोपऱ्यात का होईना, देवनागरी होती. उर्दूच्या नस्तालीक लिपीचा प्रश्न तर वेगळाच होता. तिची अक्षरे तिरकी उतरत जातात, सरळ ओळीत बसणाऱ्या धातूच्या खिळ्यांना ती दाद देत नाहीत. म्हणून उर्दूची छपाई दीर्घकाळ कातिबाच्या हातच्या लेखनावरून शिळाछपाईने होत राहिली. १९८१ मध्ये ‘नूरी नस्तालीक’ यंत्रावर आले, तेही मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाक्षरसमूह हाताने लिहून दिले तेव्हा. म्हणजे ज्या लिपीला आम्ही ‘परकी सत्ता’ म्हणून पाहतो, तिने आपले वळण यंत्रासाठी सोडले नाही. यंत्र तिच्या वळणाला येईपर्यंत ती थांबली. देवनागरीच्या नशिबी हे आले नाही, आणि या लेखाची खरी गोष्ट इथून सुरू होते.

तत्पूर्वी तुळजापूरकडे वळणे आवश्यक आहे, कारण या जिल्ह्यातले सर्वांत जुने आणि सर्वांत जिवंत ‘ब्रँडिंग’ तिथे आहे आणि त्यात एकही अक्षर नाही. कवड्यांची माळ, परडी, पोत, संबळ आणि कुंकवाने भरलेले कपाळ. महाराष्ट्राच्या कोणत्याही गावात गळ्यात कवड्यांची माळ घातलेली आराधीण दारात उभी राहिली की ‘आई राजा उदो उदो’ म्हणण्यापूर्वीच ती कोणाची आहे हे घरातल्या लेकरालाही कळते. तिथून काही कोसांवर, नळदुर्ग-अणदूरच्या खंडोबाकडे गेले की रंग पालटतो: तिथे भंडाऱ्याचा पिवळा. लाल आणि पिवळ्या रंगाची ही वाटणी कोणत्याही नियमपुस्तिकेत लिहिलेली नाही, आणि ती चुकलेली आम्ही कधी पाहिली नाही. ही शिस्त टिकली, कारण ती वापरणाऱ्यांच्या जगण्याशी बांधलेली आहे. माळ हा नवस आहे, कुळाचार आहे, जोगवा मागण्याचा हक्कही आहे. तिला अर्थ आहे म्हणून तिची आवृत्ती होते, आवृत्ती होते म्हणून ती ओळखू येते.

छापील प्रतिमा नंतर आली. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा सुरू केली, १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. रंगीत शिळाछापांनी देवादिकांची चित्रे भिंतीभिंतीवर नेली, आणि त्याच यंत्रांवर व्यापारी मालाची लेबलेही छापली जाऊ लागली. देवघर आणि दुकान यांची दृश्यभाषा एक झाली ती तेव्हापासून. पण चित्रासाठी शिळाछाप ठीक होता. अक्षरासाठी मुंबईने दुसराच मार्ग धरला.

जावजी दादाजी यांनी १८६० च्या दशकात सुरू केलेला निर्णयसागर हा छापखाना केवळ सुबक पुस्तकांसाठी प्रसिद्ध नव्हता. तिथे ओतलेले देवनागरी खिळे देशभर जात. त्या खिळ्यांत मराठी बोरूचे वळण होते: भरदार, गोलाईचे, जाड-बारीक रेघांचा तोल सांभाळणारे. कलकत्त्याकडच्या खिळ्यांचे वळण निराळे होते. अ, झ, ण, ल, श अशा काही अक्षरांचे आकारच दोन्हीकडे वेगळे. जाणकार त्यांना ‘मुंबई वळण’ आणि ‘कलकत्ता वळण’ असे ओळखतात. स्वातंत्र्यानंतर हिंदीच्या सोयीसाठी देवनागरीचे प्रमाणीकरण झाले तेव्हा एक देवाणघेवाण घडली. अ, झ आणि ण या अक्षरांची मुंबई रूपे उत्तरेने स्वीकारली. ल आणि श मात्र उत्तरेची उत्तरेकडेच राहिली. मराठीने आपला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ सोडला नाही. म्हणजे आज हिंदी पुस्तक वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो ‘अ’ असतो त्यात गिरगावातल्या खिळ्यांचे रक्त आहे, आणि मराठी मुलाच्या पाटीवर जो ‘श’ असतो तो त्या तडजोडीतून वाचलेला वारसा आहे. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा तीन खंडांचा ग्रंथ भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. इतका मोठा प्रपंच एका लिपीच्या खिळ्यांविषयी करावा लागतो, यावरूनच या प्रश्नाची खोली कळावी.

‘धाराशिव’ या नावात हा ‘श’ आहे. ‘उस्मानाबाद’मध्ये तो नव्हता. नामांतराने गावाला जे अक्षर नव्याने दिले, ते नेमके मराठीचे स्वतःचे वळण जिथे दिसते ते अक्षर आहे. इतका सुंदर योगायोग एखाद्या संकल्पनकाराने मागूनही मिळाला नसता.

हा ‘श’ गावोगावी पोहोचवला तो पेंटरांनी. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, कारभार मराठीत आला, आणि पाट्यांची मागणी वाढली. ग्रामपंचायत, सहकारी सोसायटी, शाळा, पिठाची गिरणी, किराणा दुकान. सुताला रंग लावून रेघ मारायची, खडूने अक्षरे आखायची, मग चपट्या ब्रशने एका दमात उभा दंड ओढायचा. शेवटी शॅडो द्यायची आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपले नाव. त्या पेंटरांपैकी फार थोड्यांनी कलाशाळेचे तोंड पाहिले असेल. पण शाळेत पाटीवर गिरवलेला ‘श’च त्यांच्या मनगटात होता, म्हणून पाटीवरही तोच उतरे. प्रत्येक पेंटरचे वळण वेगळे, तरी सगळी वळणे मराठी. बसमधून जाताना पाट्यांच्या अक्षरावरून तालुका बदलल्याचे कळावे, इतपत हा भेद आमच्या डोळ्यांना अजून आठवतो.

याच काळात मुंबईत अक्षराचा वेगळा विचार चालू होता. रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे र. कृ. जोशी (१९३६–२००८), हे कवी, सुलेखनकार आणि जाहिरातक्षेत्रातले कलादिग्दर्शक. जे.जे.मध्ये शिकून त्यांनी ‘उल्का’ या जाहिरातसंस्थेत दीर्घकाळ काम केले, पुढे पवईच्या आयआयटीतील औद्योगिक संकल्पन केंद्रात अध्यापन केले. जाहिरातीच्या धंद्यात पंचवीसेक वर्षे घालवलेल्या या माणसाच्या कामातून एकच मत सतत पुढे येते: भारतीय लिपी ही रोमन अक्षरांची नक्कल नव्हे, तिचा एकक सुटा वर्ण नसून अक्षर आहे, आणि तिचे सौंदर्य तिच्या लेखणीच्या कोनातून समजून घ्यावे लागते. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींतून आणि नियतकालिकांच्या शीर्षकांतून हेच निराळ्या मार्गाने दाखवले; नाटकाचा आशय शीर्षकाच्या अक्षरांतच दिसावा, ही त्यांची हातोटी. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिची गती देवनागरीत आणली आणि तिला ‘मुक्तलिपी’ म्हटले. ही तिन्ही नावे मुंबईची असली तरी त्यांचा प्रश्न धाराशिवचाच आहे: यंत्राच्या काळात मराठी हाताचे वळण कसे राखायचे?

जोशींनी या प्रश्नाला सरळ यंत्राच्या पोटात शिरून उत्तर देण्याचा प्रयत्न केला. निवृत्तीनंतर त्यांनी मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात भारतीय लिप्यांच्या संगणकीय फाँटांवर काम केले. ‘मंगल’ हा त्यांचा फाँट विंडोज २००० बरोबर जगभरच्या संगणकांत गेला. फुटक्या जोडाक्षरांच्या आणि परस्परांना न कळणाऱ्या सांकेतिक पद्धतींच्या त्या काळात, देवनागरी युनिकोडमध्ये धडपणे दिसते हे ‘मंगल’ने सामान्य माणसाला प्रथम दाखवले. या उपकाराची पुरेशी जाण आपल्याला नाही. पण त्या उपकारालाही एक मर्यादा होती. हिंदी, मराठी, संस्कृत, नेपाळी या साऱ्यांचा भार एकाच फाँटाला वाहायचा होता, आणि जिथे आकारांचा भेद येतो तिथे बहुसंख्येचा आकार पुढे येतो. पडद्यावर आपोआप उमटणारा ‘श’ आणि ‘ल’ उत्तरेचा झाला. पुढच्या पिढीच्या फाँटांत मराठी रूपे अंतर्भूत करण्याची सोय आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फाँट तर कोणालाही मोफत मिळतात. पण सोय असणे आणि ती वापरणे यांत अंतर आहे. मजकुराची भाषा मराठी आहे असे यंत्राला सांगावे लागते, आणि ते सांगण्याचे कष्ट घेणारा माणूस दुकानात नसतो.

कारण २००० नंतरच्या दशकात फ्लेक्स आला आणि पेंटर गेला. हे कोणाच्या दुष्टपणामुळे झाले नाही. फ्लेक्स स्वस्त होता, झटपट होता, त्यावर फोटो छापता येत होता. पेंटरच्या पोरांनी ब्रश ठेवून माउस धरला. अनेकांनी त्यात चांगला जम बसवला. पण पेंटरच्या मनगटात जे निर्णय होते ते आता यंत्राच्या आधी ठरलेल्या निवडीत गेले. कोणता ‘श’ काढायचा हा प्रश्न पेंटरपुढे कधी आलाच नव्हता, कारण त्याला एकच येत होता. फ्लेक्सवाल्यापुढेही तो येत नाही, कारण यंत्र एकच देते. दोघेही नकळत वागतात. फक्त पहिल्याचे नकळत वागणे गावाचे होते, दुसऱ्याचे कोठल्या तरी दूरच्या कचेरीत ठरलेले.

शहरातल्या आमच्या व्यवसायाने याच काळात काय केले, हेही सांगितले पाहिजे. रोमन अक्षरांत जी टूम निघते ती चार वर्षांनी देवनागरीत येते. तिथे जाड-बारीक भेद जाऊन सर्वत्र एकाच जाडीची गुळगुळीत रेघ आली, म्हणून इथेही आली. तिथे चिन्हे सपाट झाली, इथेही झाली. काही वेळा तर इंग्रजी नावाचे चिन्ह आधी ठरते आणि त्यातल्या वळणांचे तुकडे जोडून मराठी नाव ‘जुळवले’ जाते. शिरोरेघ उडवली जाते, वेलांटी कापली जाते. या सर्वांस आधुनिकता असे म्हणतात. आम्हीही म्हणत आलो, आणि तशी कामे करून बिलेही पाठवली आहेत. साधेपणाशी आमचे वैर नाही. कुलच्याहून साधे चिन्ह कोणते असणार? पण साधेपणा हा अर्थ गाळून घेतल्यावर उरतो, आणि टूम अर्थाच्या आधीच येऊन बसते. एकाच जाडीच्या रेघेत देठाचा ‘श’ काढणे कठीण जाते, म्हणून तो टाळला जातो, आणि मग तो जुनाट आहे असे कारण दिले जाते. आमच्या व्यवसायातील पुष्कळ मतांचा उगम असा आळसात आहे.

आता २०२२ आणि २०२३ या वर्षांकडे पुन्हा पाहावे. मार्च २०२२ मध्ये दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती झाली: पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षराहून लहान असता कामा नये. कायद्याने अक्षराचा आकार मोजला. नोव्हेंबर २०२२ मध्ये शासनाने मराठी वर्णमालेविषयीच्या आपल्या २००९ च्या निर्णयाची नव्याने मांडणी केली आणि पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ यांचा आग्रह धरला. शासननिर्णयाने अक्षराचे रूप सांगितले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, ज्यात तो ‘श’ आहे असे नाव एका शहराला मिळाले. आकार, रूप आणि नाव या तीन गोष्टी एकाच वर्षाच्या आत एकाच राज्याने ठरवल्या, आणि त्या तिन्ही एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. शहराच्या रस्त्याने चालताना एका पाटीवर देठाचा ‘श’ दिसतो, पुढच्या पाटीवर उत्तरेचा, आणि तिसरीवर कसलेही वळण नसलेला, नुसत्या रेघांचा. ज्या नावासाठी मराठी अस्मितेचा एवढा घोष झाला, ते नाव लिहिताना मराठी वळण पाळण्याची आठवण कोणाला राहिली नाही.

हे अशक्य होते काय? १९१६ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेने एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराकडून आपल्यासाठी एक अक्षरमाला करून घेतली. शंभर वर्षे लोटली, थोडीफार डागडुजी झाली, पण त्याच अक्षरांत ते शहर आजही स्वतःचे नाव लिहिते. जॉन्स्टनने काही नवे चिन्ह शोधले म्हणून हे झाले नाही. तो जुन्या रोमन शिलालेखांतील प्रमाण शिकलेला होता, आणि त्याच्या अक्षरांचा वापर करणाऱ्या संस्थेने ती शिस्तीने, वर्षानुवर्षे, कंटाळा न करता वापरली. मोहोर आणि शिक्का, दोन्ही. आमच्या जिल्ह्याला पैशांची चणचण असेल. पण चार अक्षरे एकदा नीट लिहून घेऊन ती नगरपालिकेने, बसस्थानकाने, शाळांनी सारखी वापरावीत यासाठी लागणारा खर्च एका स्वागत-कमानीच्या फ्लेक्सहून फार अधिक नसावा. जिल्ह्यात अजून ब्रश धरता येणारे हात आहेत. त्यांच्याकडून आधी ‘श’ लिहवून घ्यावा आणि मग संगणकवाल्याला बोलवावे, इतकाच क्रम बदलायचा आहे.

तेरच्या गोरोबा काकांची गोष्ट मराठी माणसाला सांगण्याची गरज नाही. संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी मडकी तपासायचे थापटणे घेतले आणि जमलेल्या संतांच्या डोक्यावर एकेक थाप मारली. बाकीचे निमूट बसले, नामदेव तेवढे कुरकुरले, आणि कुंभाराने निवाडा दिला की हे मडके कच्चे आहे. कच्चेपणाचा राग येऊन नामदेव गुरूच्या शोधात गेले, आणि पुढचे नामदेव घडले ते त्या थापेमुळे. एका कुंभाराने, आपल्या व्यवसायाच्या साध्या अवजाराने, सर्वांच्या आदराला पात्र असलेल्या माणसाला कच्चे म्हणावे आणि ते खरे निघावे, ही या मातीतली समीक्षेची परंपरा आहे.

आम्ही हे लिहिले तेही एक थाप म्हणूनच. पाट्यांवरचे नाव नवे आहे, रंग अजून ओला आहे, तेव्हा तपासण्याची वेळ हीच. थापटणे आमच्याच डोक्यावर आधी पडले पाहिजे हे आम्ही जाणतो. कारण ज्या दिवशी आम्ही पहिल्यांदा पडद्यावर ‘धाराशिव’ टंकले, त्या दिवशी उमटलेला ‘श’ कोणता होता, हे आम्हीही पाहिले नव्हते.